काहिलीवरचा अबोला

“उज्ज्वला, धाकटीला सांग, जाळ कमी कर म्हनावं.”

“रत्ना, जाळ कमी कर.”

“बहिरी न्हाई मी. थोरल्या बाईंना सांग, जाळ कमीच हाय. वाकून बघा म्हनावं.”

“हौसाबाई, जाळ कमीच आहे.”

दोघींच्या मधे फक्त आमटीची काहील होती. हात लांब केला असता तर एकीचा हात दुसरीच्या खांद्याला लागला असता. तरी प्रत्येक शब्द माझ्याकडून वळसा घालून जायचा. सकाळपासून मी नुसती टपाल वाटत होते.

हौसाबाई थोरली जाऊ आणि रत्ना धाकटी. सासू गेल्यावर तिच्या तांब्याच्या घागरीवरून दोघींचं वाजलं. घागर शेवटी नणंद घेऊन गेली आणि या दोघींच्या वाट्याला अबोला आला. एका अंगणात राहून, एका नळावर पाणी भरून त्यांनी तो दोन वर्षं मोठ्या निगुतीनं सांभाळला होता. त्यात गंमत अशी की आमच्या महिला मंडळात आमटीला यांच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नव्हता. रत्नाचं वाटण आणि हौसाबाईंची फोडणी एकत्र आली, की माणसं बोटं चाटत उठायची.

म्हणून त्या दिवशी द्वारकाक्कांनी दोघींना एकाच काहिलीवर उभं केलं होतं. द्वारकाक्का आमच्या मंडळाच्या मुख्य. आदल्या दिवशी कामं वाटून देताना मी त्यांना म्हटलंही होतं, “अक्का, या दोघी? एका काहिलीवर?”

अक्का हसल्या होत्या. “अबोला तोंडाचा हाय. हातांचा न्हाई ना? आनि तू हाईस की मधे.”

तर मी अशी मधे होते.

नीलकंठेश्वराचं देऊळ आमच्या गावाबाहेर, ओढ्याच्या काठावर. महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी पारण्याचा महाप्रसाद असतो आणि पंचक्रोशीतली दोन-अडीच हजार माणसं जेवून जातात. गव्हाची खीर, भात, वांग्याची भाजी आणि आमटी, एवढाच बेत, पण त्याच्या चवीची आठवण लोक वर्षभर काढतात. हा स्वयंपाक करायला बाहेरगावचा एक नावाजलेला आचारी यायचा. बायकांच्या मंडळाला हे काम कुणी देईल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं. ते मिळालं एका बोटामुळे.

त्या देवळात नियम मोठा कडक. देवाला नैवेद्य दाखवून पहिली पंगत जेवायला बसल्याशिवाय स्वयंपाकातलं काहीही जिभेला लावायचं नाही. लावलं की ते उष्टं झालं. तिखट-मीठ सगळं नजरेनं आणि अंदाजानं. मागच्या वर्षी आचाऱ्याच्या एका माणसानं बोटाला लागलेली आमटी सवयीनं चाटली, आणि विश्वस्त तात्या सबनीसांनी ते पाहिलं. त्यांनी सगळी आमटी ओढ्यात ओतायला लावली. लोक भाजीशी भात कालवून जेवले आणि आचाऱ्याला पुन्हा बोलावणं गेलं नाही.

तात्या शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्या सकाळीही ते स्वयंपाकाच्या मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून, मांडीवर काठी आडवी ठेवून बसले होते. परीक्षेच्या हॉलवर बसावं तसे. कुणाचा हात तोंडाजवळ गेला, अगदी घाम पुसायला गेला, तरी त्यांची मान वळायची. आम्ही सगळ्या जणी पदर खोचून, हात शक्यतो कमरेच्या खाली ठेवून वावरत होतो.

आणि वावरणार नाही तर काय? तात्यांनी अक्कांना शब्द दिला होता. हा महाप्रसाद नीट पार पडला, तर पाडव्यापासून भक्तनिवासातलं रोजचं अन्नछत्र मंडळाकडे. दोन्ही वेळचं, बारा महिने. आमच्यातल्या निम्म्या बायका खुरपणीला जायच्या, पाऊस झाला नाही की घरी बसायच्या. माझा नवरा कामाला होता ती सूतगिरणी बंद पडली होती आणि तो ओट्यावर बसून भिंतीकडं बघत असायचा. मुलगी सातवीत होती. त्या अन्नछत्रावर आमच्या बारा घरांचे डोळे लागले होते. मी तर मनातल्या मनात मुलीचा नवा गणवेशसुद्धा शिवून ठेवला होता.

घोटाळा झाला तो चहामुळे.

रात्रभर जागलेल्या भजनी मंडळाला चहा द्या, असं तात्यांनी सांगितलं. मी किटली घेऊन सभामंडपात गेले. तिथं कुणाला साखर कमी, कुणाला कप फुटका, एक म्हातारबुवा तर झोपेतच चहा प्यायले आणि दुसरा मागू लागले. परत यायला मला बराच वेळ लागला. तेवढ्या वेळात काहिलीवर दोन जावा होत्या आणि मधे कुणीच नव्हतं.

मी आले तेव्हा आमटीला सुरेख उकळी फुटली होती. वास तर असा सुटला होता की पोटात कावळे ओरडावेत. मी सहज, काही मनात नसताना विचारलं, “मीठ पडलं ना?”

“टाकलंय,” हौसाबाई म्हणाल्या.

“टाकलंय की,” रत्ना म्हणाली.

दोघी एकदमच बोलल्या. मी किटली खाली ठेवली.

“कुणी टाकलं?”

“मी.”

“मी.”

दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी एकमेकींकडे सरळ पाहिलं. क्षणभरच. मग हौसाबाई उलथनं जोरजोरात फिरवायला लागल्या आणि रत्ना खाली वाकून उगाच लाकडं सारायला लागली.

दोघींनी टाकलं असेल, तर आमटी तोंडात घालवणार नाही इतकी खारट झाली होती आणि तिला काही इलाज नव्हता. एकीनंच टाकलं असेल तर सगळं ठीक होतं. आणि दोघीही खोटं बोलत असतील तर आमटी अळणी होती. यातलं काय खरं, हे चव घेतल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि चव घ्यायची म्हटलं तर मांडवाच्या तोंडाशी काठी घेऊन तात्या बसले होते.

मी मिठाचं पोतं बघून आले. पण त्यातून भाताला मीठ गेलं होतं, भाजीला गेलं होतं, जिला लागलं तिनं तांब्या बुडवून नेला होता. पोत्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. मग मी हौसाबाईंच्या कानाशी लागले.

“हौसाबाई, मला एकटीला सांगा. खरंच टाकलं?”

“टाकलं म्हनले न्हवं? धाकटीला जाऊन इचार, ती खोटं का बोलती ते.”

रत्नाकडे गेले. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. “मी कशाला खोटं बोलू? थोरल्या बाईंनाच इसर पडला असंल. वय झालं.” हे शेवटचं ती मुद्दाम जरा मोठ्यानं बोलली.

काही उपयोग नव्हता. यांच्यातली एक जरी ‘माझ्याकडून राहिलं’ म्हणाली असती, तर दुसरीसमोर तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं असतं. दोन वर्षं ताठ ठेवलेली मान अशी मिठासाठी कोण वाकवणार? मी भाताच्या चुलीकडे धावले. अक्का तिथं वाफेत उभ्या होत्या.

मी सगळं सांगितलं. मला वाटलं, त्या कपाळाला हात लावतील. त्यांनी फक्त हातातला झारा शेजारच्या बाईकडे दिला आणि पदरानं तोंड पुसलं.

“चल.”

चालता चालता मी जीव तोडून बोलत होते. “अक्का, तात्यांचं लक्ष नसताना एक थेंब जिभेला—”

“तोंडातनं काढू नगं ते.”

“मग सगळी ओतून देऊ. नवीन टाकू.”

“डाळ कुठाय? आनि येळ कुठाय? अभिषेक सपत आलाय.”

“मग तशीच वाढू. पानात मीठ आपण वाढतोच पहिलं. अळणी असली तर लोक घेतील कालवून.”

“आनि खारट असली तर?” अक्का थांबल्या. “पानातनं मीठ काढून घेता येतंय व्हय?”

गाभाऱ्यातून घंटेचा आवाज येत होता. थोड्याच वेळात पुजारी नैवेद्याचं ताट भरून न्यायला येणार होते. ते ताट गेलं, आरती झाली, की पंगत बसणार.

अक्का काहिलीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. रागावल्या नाहीत की आवाज चढवला नाही. आमटीकडे बघतच म्हणाल्या, “हौसा, देवाच्या दारात हाईस. मीठ टाकलंस?”

“टाकलं,” हौसाबाई म्हणाल्या. डोळे आमटीत.

“रत्ना?”

“टाकलं, अक्का.” डोळे जाळात.

“दोघीनी टाकलं असंल तर अडीच हजार पानांवरची आमटी वाया जातीया. कळतंय न्हवं?”

हौसाबाईंच्या हातातल्या उलथन्याचा दांडा काहिलीच्या काठावर कटकट वाजत होता, इतका त्यांचा हात थरथरत होता. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी दोघींच्या डोक्यात ते उलथनं घालावंसंही वाटलं.

“काय चाललंय तिथं?”

तात्या खुर्चीवरून उठले होते. काठी टेकत ते आत आले, तशी मांडवातली एकेक बाई जागच्या जागी थांबली. कोथिंबीर चिरणाऱ्या विळ्या थांबल्या. खिरीचं ढवळणं थांबलं. तात्या काहिलीपाशी आले, आमटीकडे पाहिलं, मग आमच्या चौघींच्या तोंडांकडे पाहिलं. इतकी वर्षं पोरांना पकडलेला माणूस तो. त्याला सांगायची गरज नव्हती.

“मिठाचं काहीतरी कानावर आलं माझ्या. कुणाकडे होतं आमटीचं मीठ?”

रत्ना रडायच्या बेतात आली होती. माझ्या मनात आलं, संपलं सगळं. देवाच्या स्वयंपाकात दोन जावा भांडण घेऊन उभ्या होत्या, हे यांना कळलं की त्या दोघी आत्ताच्या आत्ता घरी जातील आणि त्यांच्यामागून आम्ही सगळ्या जणी.

अक्का एक पाऊल पुढं झाल्या.

“माझ्याकडं हुतं, तात्या.”

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्या सकाळपासून भाताच्या चुलीवर होत्या.

“तुमच्याकडे?”

“व्हय. आमटीचं मीठ मी बगनार हुते. ते माझ्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई. आता पडलंय का न्हाई, ते मला सांगता येत न्हाई.”

तात्यांनी चष्मा नीट केला. “द्वारकाबाई, वीस वर्षं लग्नाकार्याचा स्वयंपाक करतेय असं सांगितलंत तुम्ही मला.”

“व्हय.”

“आणि मीठ घातलं की नाही ते आठवत नाही?”

“न्हाई आठवत. चूक माझी हाय. ह्या पोरींनी मी सांगितलं तेवढंच केलंय.”

मांडवात फक्त लाकडं तडतडत होती. अक्का पदर खांद्यावर घेऊन, मान खाली घालून उभ्या होत्या. ज्या बाईनं आम्हा बारा जणींना हाताला धरून घराबाहेर काढलं, तिला असं शाळेतल्या पोरासारखं उभं राहिलेलं बघून माझे डोळे भरून आले. मला त्या म्हाताऱ्याचा असा राग आला की काय सांगू.

“आरतीची वेळ होत आली,” तात्या शेवटी म्हणाले. “काय निस्तरायचं ते निस्तरा. पण जिभेला लावायचं नाही. आणि लोकांच्या पानात वाईट अन्न पडलं, तर मला पुन्हा तोंड दाखवू नका.”

ते देवळाकडे निघून गेले. त्यांच्या काठीचा आवाज सभामंडपात विरेपर्यंत कुणी हाललं नाही.

मग हौसाबाईंचं उलथनं थांबलं.

“मी न्हाई टाकलं,” त्या म्हणाल्या. काहिलीलाच सांगितल्यासारखं, अगदी हळू. “वाटन तिचं हुतं. म्हटलं मीठबी तीच टाकंल.”

रत्ना हुंदका देऊन उठली. “मीबी न्हाई टाकलं, अक्का. फोडनी झाली की जाऊबाई टाकतात. मला वाटलं त्यांनी टाकलंच असंल. आनि उज्ज्वलानं इचारलं, तवा ह्यांच्यापुढं कशाला कमीपना घ्यायचा, म्हनून...” पुढं तिला बोलवेना.

मी अक्कांना बाजूला ओढलं. “अक्का, मघाशी देवाच्या दारात दोघी खोटं बोलल्या. आता खरं बोलतायत हे कशावरून? यांच्या शब्दावर मीठ टाकलं आणि आधीच पडलेलं असलं तर?”

“मघाशी चूक कुनाच्या तरी गळ्यात पडनार हुती, म्हनून दोघी खोटं बोलत हुत्या,” अक्का म्हणाल्या. “आता ती माझ्या गळ्यात पडलीया. आता खोटं बोलून त्यांना काय मिळनार?”

एवढं बोलून त्या मिठाच्या पोत्याकडे गेल्या, तांब्या भरला आणि रत्नाच्या हातात दिला. मग मला दंडाला धरून काहिलीपासून चार हात लांब उभं केलं.

“ही आता मधे बोलनार न्हाई. रत्ना, मीठ तू टाकायचं. टाकताना मोठ्यांदा म्हनायचं, टाकतेय म्हनून. आनि हौसा, तू ऐकलं असं मोठ्यांदा सांगायचं. त्याबिगर दुसरा तांब्या भरायचा न्हाई.”

रत्ना तांब्या घेऊन उभी राहिली. देवळात नगारा सुरू झाला. हौसाबाईंनी जबडा असा आवळला होता की गालावरची शीर दिसत होती. रत्नाचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. पुजारी सोवळ्यात, रिकामं ताट घेऊन देवळाच्या पायऱ्या उतरताना मला दिसले. बोल गं बाई, मी मनात म्हणत होते, एकदाची बोल.

“पयला तांब्या टाकतेय, जाऊबाई,” रत्ना म्हणाली.

हौसाबाई नुसतं ढवळत राहिल्या.

“जाऊबाई, टाकतेय.”

“ऐकलं,” हौसाबाई म्हणाल्या. घसा खाकरला. “टाक.”

मीठ पडलं. रत्नानं तांब्या पुन्हा भरला.

“दुसरा टाकतेय.”

“ऐकलं. कडंकडंनं टाक. मधे टाकलं की गोळा होऊन तळाला बसतंय.”

हे शेवटचं अक्कांनी सांगितलेलं नव्हतं. रत्नानं कडंकडंनं टाकलं, हौसाबाईंनी तळापासून ढवळलं, आणि पुजारी मांडवात शिरले तेव्हा दोघी एकाच उलथन्याला हात लावून उभ्या होत्या. कारण हौसाबाईंचा हात अजून थरथरतच होता.

नैवेद्य गेला. आरती झाली. माणसं पंगतीला बसली.

एरवी तात्या सगळ्यांत शेवटी जेवायचे. त्या दिवशी ते पहिल्या पंगतीत, पहिल्या पानावर येऊन बसले. मीठ वाढून झालं, भाजी वाढून झाली, भात आला. आमटीची बादली माझ्याकडे होती. हे काम दुसऱ्या कुणाला द्यावं असं मनात आलं होतं, पण अक्कांनी बादली माझ्याच हातात दिली होती. मी भातावर आमटी घातली. तात्यांनी सावकाश भात कालवला. पहिला घास घेतला.

मी तिथंच उभी राहिले. दोघी जावांच्या शब्दावर अक्कांनी मीठ टाकायला लावलं होतं. शब्द खोटा असेल तर आत्ता, या घासाला कळणार होतं. तात्यांचा चेहरा काही सांगत नव्हता. चावत होते, समोर बघत होते. माझ्या हातातल्या बादलीची कडी घामानं निसटायला लागली. मुलीचा गणवेश, नवऱ्याचं ते ओट्यावर बसणं, सगळं माझ्या डोळ्यांपुढून गेलं.

“पुढं चला की बाई,” तात्या म्हणाले. “मागची माणसं खोळंबलीत.”

मी पुढं गेले. पंगतीच्या टोकाला जाऊन वळून पाहिलं, तर तात्यांनी हात वर केला होता. मला वाटलं आता बोलावून सुनावणार. मी पळत आले.

“आमटी,” ते म्हणाले.

मी दोन डाव घातले. त्यांनी तिसऱ्यालाही नको म्हटलं नाही. मांडवाकडे नजर गेली, तर एकाच खांबाआडून हौसाबाई आणि रत्ना, दोघी डोकी बाहेर काढून बघत होत्या. मी मान डोलावली. रत्नानं तोंडात पदर कोंबला.

शेवटची पंगत उठल्यावर तात्यांनी अक्कांना बोलावलं. मीही मागोमाग गेले. ते सभामंडपाच्या पायरीवर सुपारी कातरत बसले होते.

“महाप्रसाद उत्तम झाला,” ते म्हणाले. “लोक समाधानानं जेवले. पाडव्यापासून अन्नछत्र तुमच्या मंडळाकडे द्यायला माझी हरकत नाही.”

मला नाचावंसं वाटलं.

“पण एक अट आहे. दिलेलं काम ज्या बाईच्या ध्यानात राहत नाही, तिच्या हाती मी रोजचं स्वयंपाकघर देणार नाही. मुख्य म्हणून दुसरी बाई सांगा. तुम्ही राहा हवं तर, पण हाताखाली.”

“तात्या, ते मीठ—” मी तोंड उघडलं.

अक्कांनी माझं मनगट धरलं. आयुष्यभर पोळ्या लाटलेला हात तो.

“ही उज्ज्वला,” अक्का म्हणाल्या. “हिचं नाव घाला.”

तात्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “हिला जमेल?”

“ही सगळ्यांशी बोलती,” अक्का म्हणाल्या. “ज्या एकमेकींशी बोलत न्हाईत, त्यांच्याशीबी बोलती.”

परतीला आम्ही ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, रिकाम्या काहिलींच्या मधे बसलो होतो. बाकीच्या बायका आनंदानं गात होत्या. मी हौसाबाईंना आणि रत्नाला हळूच सगळं सांगितलं. दोघींची तोंडं उतरली. हौसाबाई ताडकन उठून ट्रॅक्टर थांबवायला लागल्या, “मी जाऊन सांगते त्यांना, मीठ माझ्यानं ऱ्हायलं.” रत्ना म्हणाली, “तुम्ही एकट्या कशाला? मीबी येते.”

“बसा खाली,” अक्का म्हणाल्या. “सांगितलंत तर तुमची दोघींची कामं जातील आनि अन्नछत्र द्यायचं का न्हाई, त्याचाबी तात्या परत इचार करतील. मी हाताखाली बसून भाजी चिरीन. माझं काय अडतंय?”

मला राहवेना. मला त्यांचा रागच आला होता. माझं भलं झालं होतं आणि तरी मला रडू येत होतं.

“अक्का, तुम्ही देवाच्या दारात खोटं बोललात. आमटीचं मीठ तुमच्याकडं नव्हतंच. तुम्ही भातावर होता.”

अक्कांनी शेजारची हेलकावणारी काहील हातानं धरून ठेवली.

“खोटं कुठं बोलले?” त्या म्हणाल्या. “दोन वर्सं एकमेकींशी न बोलनाऱ्या बायकांना एका काहिलीवर कुनी उभं केलं? आदल्या दिवशी तू मला इचारलंस, तवा हसलं कोन? मीठ ह्यांच्या हातनं ऱ्हायलं गं. पर ते ऱ्हाईल अशी जागा मीच करून दिली हुती.”

त्यानंतर त्या त्याबद्दल कधी एक शब्द बोलल्या नाहीत. आता, इतक्या वर्षांनी, माझ्याकडे चार कारखान्यांची कँटीन आहेत, दोनशेच्या वर माणसं आहेत. कॉलेजातली मुलं कधी बोलावतात आणि विचारतात, मॅडम, माणसं सांभाळायला तुम्ही कुठं शिकलात? मी त्यांना काहीबाही सांगते. खरं म्हणजे मला पाडव्याची ती सकाळ आठवते.

अन्नछत्राचा तो पहिला दिवस. मुख्य म्हणून मी सगळ्यांच्या आधी जायचं ठरवलं होतं. भक्तनिवासाच्या स्वयंपाकघराचं दार ढकललं, तर आत अक्का आधीच येऊन बसल्या होत्या. घरून आणलेली विळी समोर, वांग्यांच्या टोपल्या शेजारी. मागोमाग बाकीच्या आल्या. हौसाबाई आणि रत्ना बरोबर आल्या, तव्यावरून एकमेकींशी काहीतरी कुरकुरत. सगळ्या जणी भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आता कुणाकडे बघायचं, हे कुणालाच कळत नव्हतं. त्या अक्कांकडे बघत होत्या, मीही अक्कांकडेच बघत होते.

अक्कांनी मान वर केली.

“बाई, वांगी किती चिरायची?”

“अक्का, मला बाई काय म्हणता?”

“मग काय म्हनू? सांगा लवकर. वांगी किती?”

“दोन टोपल्या,” मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

अक्का सगळ्या स्वयंपाकघराला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या, “दोन टोपल्या! ऐकलं!”

आणि त्यांनी पहिलं वांगं विळीवर धरलं.